एक टब, एक रंग आणि तीन तऱ्हेची निळाई

प्रकरण थोडक्यात असं. माझ्या एका मैत्रिणीला एका खोलीचे पडदे, पलंगावरची चादर आणि उशांचे अभ्रे एकाच निळ्या रंगात हवे होते. तिच्या मनातला निळा तयार संचांत मिळेना आणि घरी कापड रंगवायचा छंद तिला आधीपासून आहे, म्हणून तिने सगळं हातानेच रंगवायचं ठरवलं. पडद्यांसाठी १२ मीटर नवं सुती कापड मागवलं. अभ्रे तयार, पांढरे, चारचा संच घेतला. चादर घरातलीच, कित्येक वर्षं वापरून मऊ पडलेली. रंग रिॲक्टिव्ह जातीचा, म्हणजे सुताशी रासायनिक बंध बांधणारा, साध्या पाण्यात बसणारा, आधी वापरलेला.

सगळा तागा एकदम भिजवायचा नाही एवढं शहाणपण तिच्याकडे होतं. पहिल्या फेरीत तिने पडद्याचं ३ मीटर कापड, चादर आणि चारही अभ्रे घेतले. वजन करून: पडदा ५९० ग्रॅम, चादर ६९०, अभ्रे ३६०. एकूण १६४० ग्रॅम. मध्यम छटेसाठी कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग धरतात, म्हणजे ३३ ग्रॅम. टबात ३५ लिटर पाणी, मीठ, पुरेसा वेळ ढवळणं, मग सोडा, मग पुन्हा तासभर. सगळं रीतसर.

धुऊन वाळत घातल्यावर चादर छान निघाली. एकसारखी, खोल निळी, ठरवलं होतं त्याहून एक छटा गडदच. पडद्यावर ढग उमटले होते: मध्येच गडद, मध्येच फिकं, आणि जिथे घडी होती तिथे आडवा पांढुरका पट्टा. अभ्रे फिके आकाशी, आणि त्यांच्या शिवणीचे टाके पांढरेशुभ्र, एकही टाका रंगलेला नाही.

तिने निष्कर्ष काढला की रंग जुना झाला. नवीन डबे मागवायच्या तयारीत होती. मी म्हटलं, अगं, चादरीने रंग धरला ना? मग तोच रंग पडद्याच्या वेळी कसा जुना झाला? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही रीत रंगकामात फार चालते. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. कापड मात्र नुसतं पांढरं दिसतं, आणि पांढऱ्याच्या आत काय काय दडलेलं आहे ते दिसत नाही.

या प्रकरणात नशिबाने चादर होती. तीच साक्षीदार. रंग, सोडा, पाणी, वेळ, ढवळणारा हात, सगळं तिघांना सारखंच मिळालं. वेगळं होतं ते फक्त कापड. म्हणून तपास तिथूनच सुरू केला, आणि न रंगवलेल्या ९ मीटर कापडाचा आणि अभ्र्यांच्या आतल्या शिलाईत दुमडलेल्या भागाचा उपयोग झाला.

पाण्याचा थेंब, आयोडिन आणि काडेपेटी

पहिली परीक्षा फुकटची आहे. कापड सपाट पसरायचं, वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. जुन्या चादरीवर थेंब पडताक्षणी पसरून दिसेनासा झाला. अभ्र्याच्या कापडावर क्षणभर थांबून मुरला. पडद्याच्या कापडावर मात्र तो गोल, चकाकत उभा राहिला. आम्ही बोलत बसलो तरी तिथेच. हाताच्या अंतरावर दुसरा थेंब टाकला, तो लवकर मुरला. म्हणजे कापडावर काहीतरी चढवलेलं होतं आणि तेही सगळीकडे सारखं नव्हतं. पाणीच आत जात नसेल तर पाण्यात विरघळलेला रंग कसा जाणार? पालथ्या घड्यावर पाणी.

आता प्रश्न असा की ते ‘काहीतरी’ घरी काढता येण्यासारखं आहे का. नव्या कापडावर साधारण तीन जातींचे लेप असतात. एक खळ: विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून लावलेली, किंवा कापड कडक आणि भरीव वाटावं म्हणून नंतर चढवलेली. दुसरा मऊपणासाठीचा सॉफ्टनर. तिसरा प्रकार म्हणजे सुरकुत्या न पडण्यासाठीचं किंवा डाग न लागण्यासाठीचं फिनिश. खळ निघते. सॉफ्टनर बहुतेक वेळा निघतो. सुरकुत्या रोखणारं रेझिन सुताच्या तंतूंशी रासायनिक सांधा बांधून बसलेलं असतं, ते घरच्या भांड्यात उकळून निघत नाही. त्या कापडावर वेळ घालवू नये, परत करता आलं तर करावं.

खळ आहे का हे ओळखायला जखमेवर लावायचं आयोडिन पुरतं. पाण्यात पातळ करून कापडाच्या एका कोपऱ्यावर थेंब टाकला. तपकिरी थेंब कापडाला लागताच काळपट जांभळानिळा झाला. स्टार्च. चादरीवर तोच थेंब नुसता पिवळसर तपकिरी राहिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी चाचणी हीच, कारण तिने आजारही सांगितला आणि औषधही. खळ पीव्हीएसारखी कृत्रिम असती तर उत्तर इतकं सरळ आलं नसतं.

ढगांचं कोडंही इथे सुटलं. रिॲक्टिव्ह रंग सुताच्या ज्या रासायनिक गटांना धरतो तेच गट स्टार्चमध्येही असतात. म्हणजे रंग खळीलाही तितक्याच आनंदाने धरतो. जिथे खळ जाड होती तिथला रंग खळीला लागला आणि शेवटच्या गरम धुण्यात खळीबरोबर मोरीत गेला. ती म्हणालीच होती की पडदा धुताना पाणी निळं येणं थांबतच नव्हतं.

अभ्र्यांना खळ नव्हती. त्यांची जळती परीक्षा घेतली. आतल्या दुमडीतून ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा वेगवेगळा काढला. दोन्ही दिशांचे धागे वेगळे तपासावेत, कारण कापड एका दिशेने सुती आणि दुसऱ्या दिशेने काहीतरी भलतंच असू शकतं. चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली, शेजारी पाणी. निव्वळ सूत कागद जळल्यासारख्या वासाने जळतं आणि बोटात चुरगळणारी राखाडी राख सोडतं. रेशीम-लोकर केस जळल्याचा वास देतात आणि ज्योत काढली की विझू पाहतात. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. या धाग्यांनी आधी कागदाचा वास दिला आणि शेवटी टोकाला बारीक टणक मणी ठेवला, दोन्ही दिशांना. मिश्र धागा. मग पिशवीवरची चिठ्ठी नीट वाचली: मोठ्या अक्षरांत ‘कॉटन फील’, आणि मागच्या बाजूला, धुण्याच्या सूचनांच्या खाली, ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के कॉटन. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

शिवणीचा दोरा तर पूर्ण पॉलिएस्टरचा. तयार कपडे, पिशव्या, अभ्रे यांत हे जवळजवळ नेहमीचंच आहे. कापड खरोखर सुती असलं तरी टाके पांढरे राहतात. कुणाला तो पांढरा टाका शोभेचा वाटतो. मला वाटत नाही.

जाता जाता एक हिशेब, कारण चादर अपेक्षेपेक्षा गडद का झाली हेही सांगायला हवं. रंग मोजला होता १६४० ग्रॅम कापडावर. पण अभ्र्यांच्या ३६० ग्रॅमपैकी जेमतेम १२६ ग्रॅम सूत, बाकीचे २३४ ग्रॅम पॉलिएस्टर या रंगाला हातही लावत नाही. पडद्यात पाणीच नीट मुरत नव्हतं. उरलेला रंग ज्याला घेता येत होता त्याने घेतला. म्हणून मिश्र कापडं एका टबात घातली की कुणीतरी उपाशी राहतं आणि कुणीतरी दुप्पट जेवतं.

अडकलेल्या मालाचं काय केलं

९ मीटर कापड शिल्लक होतं, त्यात खळ होती आणि ती निघण्यासारखी होती. फेकायचं काही कारण नव्हतं. अमायलेज हे एन्झाइम स्टार्चचे तुकडे करतं. कपडे धुण्याच्या काही पावडरींत ते असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. अशा पावडरीच्या कोमट पाण्यात कापड रात्रभर ठेवलं. सकाळी आयोडिनचा थेंब पुन्हा टाकला: अजून हलका जांभळा. दुसऱ्यांदा भिजवलं. मग मोठ्या पातेल्यात कापडाच्या वजनाच्या ३ टक्के सोडियम कार्बोनेट आणि थोडा साधा डिटर्जंट घालून तासभर उकळलं. पातेलं स्टीलचं, आणि ते आता फक्त याच कामाचं. पाणी पिवळट तपकिरी झालं, वर तेलकट तवंग. सुताचं स्वतःचं मेण आणि यंत्रांचं वंगण असं सुटतं. नंतर थेंब टाकला तर तो चादरीवर मुरला तसा मुरला, आणि आयोडिन पिवळंच राहिलं.

पूर्ण वाळल्यावर तिने कापड पुन्हा काट्यावर ठेवलं. आधीचं वजन १७६५ ग्रॅम, आता १६५०. म्हणजे सूत म्हणून घेतलेल्या मालात शंभराहून अधिक ग्रॅम वजन निव्वळ खळीचं आणि मळाचं होतं. रंगाचा हिशेब नेहमी धुऊन वाळवलेल्या वजनावर करायचा, तो यासाठी.

ढगाळ पडद्यालाही हीच ट्रीटमेंट दिली. त्यावरचे डाग पूर्ण गेले नाहीत, जाणारही नव्हते, कारण जो रंग सुताला बसला तो बसला. त्याला ६ टक्क्यांच्या जवळ काळपट निळ्यात बुडवून गादीची खोळ करायची ठरली. गडद रंगात ढग बरेच झाकले जातात. अभ्रे तसेच फिके आकाशी ठेवले. पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स जातीचा रंग लागतो, आणि गिरण्यांत तो १३० अंशांच्या आसपास दाबाखाली बसवतात. घरी उकळत्या पाण्यात वाहक रसायन घालून काही प्रमाणात जमतं, पण त्याचा वास आणि वाफा पाहता चार अभ्र्यांसाठी तो खटाटोप मला पटत नाही.

उकळून खळ काढणं जमतं खरं, पण ९ मीटर कापड घरच्या पातेल्यात हप्त्याहप्त्याने उकळणं हे काम आहे. दोन-तीन मीटरपर्यंत करावं. मोठ्या खरेदीला ‘रंगवण्यासाठी तयार’ कापड घ्यावं, ज्याला व्यापारात पीएफडी म्हणतात: खळ काढलेलं, उकळून मळ काढलेलं, ब्लीच केलेलं आणि त्यानंतर सॉफ्टनर, चमक, फिनिश काहीही न चढवलेलं. त्याचा पांढरा थोडा मंद असतो, दुधी म्हणा. दुकानात शेजारी ठेवलं तर तेच हलकं वाटेल. झगमगीत निळसर पांढरा दिसतो तो बहुधा ऑप्टिकल ब्राइटनरचा. अतिनील टॉर्चखाली तो जांभळानिळा उजळतो. ब्राइटनर रंग बसण्यात फारसा आडवा येत नाही, पण फिक्या छटांचा तोल बिघडवतो. गडद निळ्याला तो चालून जातो, फिक्या पिवळ्याला नाही.

नव्या अभ्र्यांचं कापड: विक्रेत्याला काय विचारलं

अभ्रे आता शिवायचे होते, म्हणजे नवं कापड. पहिल्या खेपेला तिने विचारलं होतं एवढंच, ‘कॉटन आहे ना?’ आणि उत्तर मिळालं होतं, ‘हो.’ पडद्याच्या बाबतीत ते उत्तर खरंही होतं. शंभर टक्के सूत होतं ते. प्रश्नच अपुरा होता. यावेळी तिघा विक्रेत्यांना तिने एकच मजकूर पाठवला. तो जसाच्या तसा देते, कुणाला उपयोगी पडला तर:

‘नमस्कार. हे कापड मला घरी रिॲक्टिव्ह रंगाने रंगवायचं आहे. कृपया एवढं कळवावं. धागा १०० टक्के सुती आहे का, ताणा आणि बाणा दोन्ही? कापड पीएफडी आहे का, की कोरं, की ब्लीच करून फिनिश दिलेलं? सॉफ्टनर, रेझिन किंवा ब्राइटनर आहे का? मर्सराइज केलेलं आहे का? जीएसएम आणि पन्हा किती? पुढच्या वेळी मागवलं तर याच लॉटमधलं मिळेल का? अर्धा मीटर नमुना विकत मिळेल का?’

पहिल्याचं उत्तर लगेच आलं: ‘मॅडम, एकदम प्युअर माल आहे, रंग मस्त बसेल.’ एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याने दोन दिवस घेतले आणि आकडे पाठवले: पीएफडी, १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम), मर्सराइज न केलेलं, नमुना मिळेल. तिसऱ्याचं उत्तर मला सर्वांत आवडलं. त्याने लिहिलं की आमच्या कापडाला सॉफ्टनर आहे, बऱ्याच जणांनी धुऊन रंगवलं आहे, पण हमी देत नाही. असा विक्रेता जपून ठेवावा, आज त्याच्याकडून घेतलं नाही तरी. चांगला माल शोधणं म्हणजे निम्मं काम चांगलं उत्तर देणारा माणूस शोधणं आहे.

मर्सराइजचा प्रश्न का? सूत तीव्र कॉस्टिक सोड्यातून काढलं की तंतू फुगतो, गोलसर होतो, चकाकी येते आणि रंग जास्त पितो. जॉन मर्सरने १८५० मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, कापड ताणून धरण्याची युक्ती नंतर आली. आपल्याला एवढंच पुरे की तेवढ्याच रंगात मर्सराइज केलेलं कापड साध्यापेक्षा गडद दिसतं. दोन्ही प्रकार चांगले, पण एका संचात मिसळले की छटा जुळणार नाही.

नमुना दुसऱ्याकडून आला. थेंब लगेच मुरला, आयोडिन पिवळं राहिलं, धागा कागदाच्या वासाने जळून राख झाला. मग आकसण्याची परीक्षा. ५० सेंटिमीटरचा चौकोन न जाणाऱ्या शाईने आखून कापड गरम पाण्यात धुतलं, वाळवलं, इस्त्री न ओढता मोजलं: लांबीत ४८, रुंदीत ४९. म्हणजे लांबीत ४ टक्के आणि रुंदीत २ टक्के. ७५ सेंटिमीटरच्या अभ्र्याला शिलाई सोडून ७८ तरी धरायला हवेत, किंवा कापड आधी धुऊन-रंगवून मग बेतायचं. तिने दुसरा मार्ग घेतला आणि शिवायला सुती दोराच घेतला, रंगवायचा दोरा लडीत सैल बांधून कापडाबरोबरच टबात.

रंग आणि सोडा

रंग जुना नव्हता हे ठरलं होतं, पण डबा संपत आला होता. रंग घेताना दुकानी नावावर जाऊ नये. ‘मध्यरात्र’, ‘समुद्र’ वगैरे नावं प्रत्येक विक्रेत्याची वेगळी. विचारायचा तो कलर इंडेक्सचा क्रमांक. १९२५ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या या सूचीत प्रत्येक रंगद्रव्याला जात आणि क्रमांक आहे, उदाहरणार्थ रिॲक्टिव्ह ब्लू ४ किंवा रिॲक्टिव्ह रेड २. क्रमांक तोच असेल तर डब्यावरचं नाव काही का असेना, द्रव्य तेच. ताकद मात्र कमीजास्त असू शकते, कारण पुडीत मीठ किंवा तत्सम भर घालून ती एका पातळीला आणलेली असते. म्हणून नवा डबा आला की जुन्याशेजारी पट्टी रंगवून बघायची.

विक्रेता म्हणतो एकच द्रव्य आहे, पण खात्री नाही? ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड फुंकरेसरशी भुरभुरायची. शुद्ध द्रव्य असेल तर सगळे ठिपके एकाच रंगाचे फुटतात. तिच्या नेव्ही निळ्याने कागदावर निळे, काही जांभळट लाल आणि मधूनच काळे ठिपके सोडले. मिश्रण वाईट नव्हे. टबात ढवळून रंगवायला चालतं. बांधणी किंवा घड्यांच्या कामात मात्र द्रव्यं वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि कडेला लालसर वलय येतं. हे करताना तोंडाला धूळ रोखणारा चांगला मास्क हवाच. रिॲक्टिव्ह रंगाची पूड श्वासात जाऊन कायमची ॲलर्जी जडू शकते. एकदा विरघळली की तो धोका बराच कमी, मग हातमोजे पुरतात.

कुठल्याही कापडासाठी म्हणून जे रंगाचे डबे मिळतात त्यांत सहसा सुतासाठी डायरेक्ट जातीचा आणि लोकर-नायलॉनसाठी ॲसिड जातीचा रंग एकत्र असतो. तुमचं कापड त्यातला आपल्या कामाचा भाग उचलतं, उरलेला वाहून जातो. सुतावर डायरेक्ट रंग नुसता चिकटून बसतो, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा सुटतो. रिॲक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक बंध बांधतो. आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन यांच्या कामातून या जातीचे सुतासाठीचे रंग १९५६ मध्ये बाजारात आले, रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनच्या पहिल्या कृत्रिम जांभळ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. रिॲक्टिव्हमध्येही पोटजाती आहेत. कोल्ड ब्रँड २५ ते ४० अंशांत काम करतात, हॉट ब्रँडना ८० अंशांच्या आसपास पाणी लागतं. घरी टबात रंगवणाऱ्याने हे डबा घेण्याआधी विचारावं.

हा बंध बांधला जातो तो अल्कलीत, आणि सोड्याची खरेदी इथेच फसते. हवा आहे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट, त्याची अल्कली थंड पाण्यात या कामाला तोकडी पडते. धुण्याचा सोडा कार्बोनेटच असतो, पण खड्यांच्या रूपात असेल तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. कोरड्या पुडीच्या १०० ग्रॅमच्या जागी खडे २७० ग्रॅम लागतात. पोहण्याच्या तलावासाठी पीएच वाढवणारी जी पूड मिळते तीही अनेकदा सोडियम कार्बोनेटच असते. अल्कलिनिटी वाढवणारी मात्र बायकार्बोनेट. दोन्ही डबे एकाच फळीवर, एकाच रंगाच्या झाकणात उभे असतात. चिठ्ठीवर रासायनिक नाव वाचायचं, बाकी काही नाही. मैत्रिणीकडे पुडीच होती, म्हणून तिचं गणित चुकलं नव्हतं.

मिठावर डोकं घालवू नये, साधं चालतं. पाणी जड असेल तर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट थोडं घालावं, नाहीतर कॅल्शियम-मॅग्नेशियम सोड्याशी मिळून कापडावर पांढुरकी पूड धरतात. जाडसर रंगासाठी सोडियम अल्जिनेट, कारण गवार गोंद किंवा स्टार्चची पेस्ट स्वतःच रंग खाते. हे दोन डबे सोडले तर बाकी सामान बादल्या, मोजपात्रं आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा. तो काटा पहिल्या रंगाच्या डब्याआधी घ्यावा असं माझं मत.

दुसरी फेरी

आता नवा प्रश्न उभा राहिला. चादर ठरलेल्या छटेहून गडद झाली होती, आणि पडदे-अभ्रे तिच्याशी जुळवायचे होते. २ टक्के पुरणार नव्हते. तिने ५ टक्क्यांचं द्रावण केलं, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम रंग, सोडा न घालता. सोडा पडला की रंग कापडाबरोबर पाण्याशीही बंध बांधू लागतो आणि काही तासांत नुसतं रंगीत पाणी उरतं. बिनसोड्याचं द्रावण थंड जागी काही दिवस टिकतं. १० ग्रॅमच्या पट्ट्यांवर ४, ५ आणि ६ मिलिलिटर घेऊन, म्हणजे कापडाच्या वजनाच्या २, अडीच आणि ३ टक्के, रंगवून पाहिलं. ओली पट्टी नेहमी गडद दिसते, म्हणून निवड वाळल्यावरच. अडीचची पट्टी चादरीवर ठेवल्यावर कडा शोधावी लागली.

सगळा माल एका टबात मावत नव्हता. पडद्यांच्या १६५० ग्रॅमला ३३ लिटर पाणी आणि ८२५ मिलिलिटर द्रावण, अभ्र्यांच्या ४०० ग्रॅमला ८ लिटर आणि २०० मिलिलिटर. द्रावण एकाच बरणीतलं, कापड-पाण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, दोन्ही टब एकाच खोलीत. सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड बाजूला सारून, दोन-तीन हप्त्यांत. कापडावर थेट ओतला की तिथे डाग ठरलेला.

धुणं आधी थंड पाण्यात, सोडा आणि मीठ निघेपर्यंत. मग जवळजवळ उकळतं पाणी आणि डिटर्जंट, कारण न बसलेला रंग गरम पाण्याशिवाय तंतू सोडत नाही. रात्रभर गरम पाण्यात ठेवून सकाळी पांढरं ओलं फडकं वर ठेवून इस्त्री दाबली. फडकं पांढरं राहिलं.

पडदे एकसारखे निघाले. अभ्रे पडद्यांपेक्षा किंचित उजळ, पण हे शेजारी धरून उजेडात पाहिलं तर. दोन कापडांचा पोत वेगळा असला की एवढा फरक राहतोच आणि तो रंगाने भरून काढण्याच्या मागे लागू नये.

एक गोष्ट अजून चालू आहे. पडद्याला धुण्यापेक्षा ऊन जास्त लागतं, आणि धुण्यात पक्का असलेला रंग उन्हात पक्का असतोच असं नाही. उन्हातला पक्केपणा १ ते ८ अशा श्रेणीत मोजतात, चांगला विक्रेता विचारल्यावर तो आकडा देतो. मिश्रणाच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही, कारण त्यातलं सर्वांत कच्चं द्रव्य आधी उडतं आणि छटाच बदलते. म्हणून अडीच टक्क्यांच्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याखाली झाकून ती खिडकीच्या काचेला लावली आहे. उघडी बाजू आत्ताच जराशी हिरवट वाटते, म्हणजे मिश्रणातला लाल आधी चालला आहे. पडद्यांना मागून अस्तर लावायचं ठरलंय. ते रंगवायचं नाही, त्यामुळे मिश्र धाग्याचं चालेल. फक्त पडद्याचं सूत अजून आकसणार नाही हे बघून, आणखी एकदा गरम पाण्यात धुऊन मगच ते शिवायला घ्यायचं, नाहीतर अस्तर खालून लोंबायचं.